चिकटपट्टीखालचं बटण

जरा हळू बोलतो, राग मानू नका. समोर कपाटावर एक डबी बसली आहे. तिची वायर काढून ठेवली आहे असं घरातले सांगतात. पण मी ती काढताना पाहिलेली नाही, आणि व्यापाऱ्याच्या घरात आयुष्य काढल्यावर नुसत्या सांगण्यावर माल घ्यायची सवय राहत नाही.

मी बटण बोलतोय. धुळ्यातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, दाराच्या चौकटीला लागून सनमायका लावलेला लाकडी बोर्ड आहे. त्यावरचं डावीकडून पहिलं बटण म्हणजे मी. बाहेर ओट्यावर जो दिवा लागतो, तो माझ्यामुळे. निदान बरीच वर्षं तरी माझ्यामुळेच लागायचा.

जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक साचा, एक पितळी पट्टी, एक स्प्रिंग, पाठीला दोन स्क्रू. मला अक्कल आली ती जळगावच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात, जीवरामनाना मला घ्यायला आले तेव्हा.

नाना बारदानाचे व्यापारी. बारदान म्हणजे रिकामी पोती. जळगावच्या डाळ मिलांतून रिकामी पोती उचलायची, फाटकी शिवून घ्यायची आणि धुळ्याच्या मार्केट यार्डात विकायची, हा त्यांचा धंदा. शाळा पारोळ्याला चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पोत्यांनी दिलं असं ते म्हणायचे. त्या दिवशी पोत्यांची गाडी भरून होईपर्यंत वेळ होता, म्हणून नव्या घराची बटणं घ्यायला दुकानात शिरले. दुकानदाराने खोकं पुढे केलं. नानांनी एकेक बटण उचललं, कानाला लावलं, आणि डोळे मिटून दाबून पाहिलं.

दुकानदार हसला. "नाना, बटण घेता का जावई बघता?"

"जावई दिवाळीपुरता येतो हो. ह्याला रोज हात लावायचाय," नाना म्हणाले. "आवाज जाताना एक आला पाहिजे, येताना एक. ज्याचा येतानाचा आवाज ऐकू येत नाही, त्याच्याशी व्यवहार नको."

माझा दोन्ही वेळा खणखणीत आला. मी धुळ्याला आलो, पोत्यांच्या गाडीतच.

नाना गप्पिष्ट माणूस. संध्याकाळी पुढच्या खोलीत बैठक भरायची, आणि मी भिंतीवरून ऐकायचो. एकदा एका दलालाने त्यांना पोत्यांचा गठ्ठा दाखवला. वरची पोती अशी की नवरीला नेसवावीत. दलाल कौतुक करून थकेना, चहाही त्यानेच मागवला. नानांनी चहा पिऊन घेतला आणि हात कोपरापर्यंत गठ्ठ्याच्या तळाशी घातला. खाली सगळी उंदरांनी कुरतडलेली. "वरची पोती सगळ्यांचीच चांगली असतात," नाना सांगायचे. "आणि न मागता चहा आला, की हात तळाशी घालायचा."

ही गोष्ट मी मनात ठेवली. पुढे उपयोगी पडली.

माणसं मला हाताने ओळखू येतात. नाना अंगठ्याने दाबायचे, पावतीवर शिक्का मारावा तसे. अमृत, त्यांचा एकुलता मुलगा, लहान असताना उडी मारून चापट द्यायचा. आणि प्रमिलाबाई, नानांची बायको, बोटाच्या मधल्या पेराने दाबायच्या. कारण बोटांना कायम पीठ लागलेलं. दिवेलागणीला त्या आतून यायच्या, मला दाबायच्या आणि बाहेर दिवा लागला की त्याच्याकडे बघून हात जोडायच्या. दिवा बाहेर, मी आत. पण हात जोडताना पेराचं पीठ माझ्यावर राहिलेलं असायचं, म्हणून त्या नमस्कारातला थोडा वाटा मी आपला समजायचो.

आमच्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडे उषाचं घर. उषा शिरपूरकडची, प्रमिलाबाईंहून थोडी लहान. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट आमच्या ओट्यावर. उन्हाळा लागला की दोघी मिळून बिबडे करायच्या. तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो: ज्वारी भिजवायची, आंबू द्यायची, वाटायची, आणि पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. लसूण, तीळ, तिखट घालून. मग तो गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचा आणि उन्हात वाळवायचा. घाटा गार झाला की बिबडा फाटतो. म्हणून एकीने पातेलं घोटायचं आणि दुसरीने थापायचं. एकटीचं हे काम नाही.

घाटा शिजत आला की प्रमिलाबाई पुढच्या खोलीत यायच्या आणि मला तीनदा चालू-बंद करायच्या. गल्लीत हाक मारली तर सगळ्यांची झोप मोडणार, म्हणून ही युक्ती. ओट्यावरचा दिवा तीनदा मिचकला की उषा आपला पाट काखेत मारून हजर. ही खूण दोघींनी कधी ठरवली, मला आठवत नाही. बहुतेक ठरवलीच नाही, पडत गेली.

नाना ज्या दिवशी गेले, त्या पहाटेही ह्याच खुणेने उषा आली होती. नाना ओट्याच्या पायरीवर कोसळले. प्रमिलाबाईंचा आवाज फुटेना. त्यांनी मला दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिल्या. उषा आणि तिचा मुलगा धावत आले, रिक्षा आणली, दवाखाना गाठला. पुढचं कोणाच्याच हातात नव्हतं.

अमृत पुण्याहून आला तो दुसऱ्या दिवशी. आल्यावर त्याने एकच विचारलं, "मला वेळेवर का नाही कळलं?" आणि तो प्रश्न त्याच्या मनात तसाच राहिला. त्या प्रश्नातूनच ही डबी आमच्या घरात आली.

दिवाळीत अमृत आणि त्याची बायको हेमांगी आले. सोबत खोकी. चार बल्ब, एक वायफायची पेटी, आणि ही बोलणारी डबी. ओट्यावर, पुढच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि कोठीच्या खोलीत नवे बल्ब लागले. अमृत म्हणाला, "आई, आता उठायचंच नाही. गुडघे दुखतात ना तुझे? जागेवरून बोलायचं, दिवा लागतो. रंगसुद्धा बदलतो."

बघा, वरची पोती.

बल्ब लावून भागलं नाही. तो फोनला ओळख देईना. हेमांगी फोनमध्ये बघून वाचत होती. "बल्ब नव्याने जोडायचा तर भिंतीवरचं बटण तीनदा चालू-बंद करायचं. मग तो भराभर लुकलुकतो. लुकलुकला की समजायचं, मागचं सगळं विसरून नव्या मालकाची वाट बघतोय."

अमृतने मला तीनदा दाबलं. ही तर बिबड्यांची खूण. उषा तेव्हा भाऊबीजेला माहेरी गेलेली होती, म्हणून काही झालं नाही. बल्ब लुकलुकला, फोनला चिकटला आणि अमृतचा झाला.

आता गंमत ऐका. ज्याच्यामुळे जोडणी झाली, त्या माझाच त्यांना अडथळा होऊ लागला. हा बल्ब आज्ञा ऐकतो, पण मागून वीज चालू असेल तरच. मी बंद झालो की तो बहिरा. आणि प्रमिलाबाईंचा हात तर जन्माचा सवयीचा. खोलीतून बाहेर पडायचं म्हणजे बटण बंद करायचं. दिवाळीच्या त्या दिवसांत त्यांनी मला किती वेळा बंद केलं असेल! अमृत डबीशी बोलायचा, डबी म्हणायची, उपकरण सापडत नाही.

शेवटी हेमांगीने मला चालू करून वर चिकटपट्टी लावली. पट्टीखाली कागद: "बंद करू नये."

मी पोरीला दोष देत नाही. चांगली आहे ती, सासूच्या औषधांची डबी भरून जाते. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर तोंडाला पट्टी, आणि तीसुद्धा कामावर ठेवून! कामापुरता मामा म्हणतात ना, तो मी.

डबी हिंदीत बोलायची. तिला जागं करायचं तर आधी तिचं नाव घ्यावं लागतं. ते मी घेत नाही, कारण तुम्हाला कळलंच असेल. प्रमिलाबाईंनी सुरुवातीला तिला माणसासारखं वागवलं. "बाई, जरा लाईट लगाव."

"माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

"समजत नाही तर बसलीयेस कशाला मग?" प्रमिलाबाई म्हणाल्या. पण हळूहळू शिकल्या. "ओटा चालू करो" म्हटलं की ओटा लागायचा. गुडघे दुखायचे त्या दिवशी त्यांना बरं वाटायचं, हे मी नाकारत नाही.

एक मात्र झालं. अमृतने पुण्याहून अशी सोय केली की दिवेलागणीला ओट्यावरचा दिवा आपोआप लागावा. पहिल्याच संध्याकाळी प्रमिलाबाई मागच्या अंगणातून हात पुसत आल्या, तर दिवा लागलेला. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला. बोटाला चिकटपट्टी लागली. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, जोडायला उचललेले हात कुठे न्यावेत ते न कळून. मग पदराला पुसून आत गेल्या.

हिवाळ्यात पुण्याचे फोन वाढले. आणि फोनमध्ये एक शब्द वारंवार यायला लागला: म्हणे.

"आई, तू फार लवकर उठतेस म्हणे."

"आई, काल खूप वेळ जागी होतीस म्हणे."

नाना म्हणायचे, ‘म्हणे’च्या मागे नेहमी कोणीतरी उभा असतो, आधी त्याला हुडका. प्रमिलाबाईंनी नानांच्या बैठकीला चहा उगाच नाही पुरवला. फोन ठेवला की त्या खिडकीतून गल्लीकडे बघत बसायच्या. इथून पुण्याला कळवतं कोण?

मला संशय डबीचा. पण माझा संशय वेगळा होता. वाटायचं, ही आमची बोलणी कुठल्या तरी बाजारात विकत असेल. घरात कोण काय खातं, काय विकत घेतं. ती अमृतलाच घरातलं सांगत असेल, हे माझ्याही ध्यानात आलं नाही. परक्याचा संशय पटकन येतो हो. आपल्या माणसाच्या हातात तराजू असला की वजन बघायचं सुचत नाही.

चैत्र लागला. डॉक्टरांनी आणि अमृतने, दोघांनीही प्रमिलाबाईंना बजावलं होतं: गुडघे बघा, बिबड्यांचं नाव काढू नका. प्रमिलाबाई "हो हो" म्हणाल्या आणि उषाबरोबर ज्वारी भिजत घातली.

पहाटे "किचन चालू करो", मग "ओटा चालू करो". मला पट्टी, त्यामुळे तीनदा मिचकवणं गेलं. त्याऐवजी आदल्या दिवशीच वेळ ठरवली होती. उषा आली. पहिला घाणा थापून होतो न होतो तोच फोन.

"आई, बिबड्यांच्या नादी लागलीस ना? कळलं मला."

प्रमिलाबाईंनी फोन ठेवला आणि उषाकडे बघितलं. हेमांगीचा नंबर उषाकडे होता. दिवाळीत हेमांगीनेच दिला होता, "मावशी, आईंकडे लक्ष असू द्या" म्हणून.

"उषा, तू पुण्याला कळवतेस का गं?"

"काय कळवस मी?" उषाचा हात कापडावरच थांबला.

"मी कधी उठते, कधी झोपते. आज बिबडे आहेत हेसुद्धा. तुला नि मला सोडून कोणाला ठाऊक होतं?"

"अक्का, मी काहीच सांगेल नही."

"मग काय ह्या पातेल्याने सांगितलं? चुगलखोर माणूस घरात घेतलं मी!"

उषा उठली. हात धुतले. आपला पाट पुसला. "पोरनी काळजी करी तं चुगली व्हस का व माय?" एवढंच म्हणाली. वास्तविक तिने कोणाला काही सांगितलंच नव्हतं. पण तो अपमान असा होता की तिला स्वतःची बाजू पुन्हा मांडायचंही सुचलं नाही. पाट काखेत मारून ती गेली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या दिवसापासून बंद.

उरलेला घाटा प्रमिलाबाईंनी एकटीने थापायचा प्रयत्न केला. फाटला सगळा.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जवळ येत होती. अमृतने स्पष्टच सांगितलं. "आई, आखाजीला येतो. सामान बांध. घर भाड्याने देऊ. तू तिथे एकटी, कोणी बघायला नाही. बाबांसारखं झालं तर?"

प्रमिलाबाई नको म्हणणार कशाच्या बळावर? ‘समोर उषा आहे’ असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःच मोडली होती. मी भिंतीत बसून हिशेब करत होतो. घर भाड्याने जायचं म्हणजे नवा माणूस येणार, नवा बोर्ड बसवणार, आणि मी भंगारात. पण माझं सोडा. ही बाई पुण्यात, कितव्या मजल्यावर कोण जाणे, डबीला "ओटा चालू करो" म्हणणार, आणि तिथे ओटाच नसणार.

एक गोष्ट मात्र प्रमिलाबाईंच्या ध्यानात आली. उषा पायरीला पाय लावत नव्हती, तरी पुण्याला बातम्या पोचतच होत्या. "आई, आज दुपारी झोपली नाहीस म्हणे."

आता राहिला कोण? दूधवाला बादल. तो रोज येतो, ओट्यावर टेकतो, चौकशा करतो.

आणि मग प्रमिलाबाईंनी नानांची चाल काढली. बाजारात भाव फुटला की नाना काय करायचे? प्रत्येक दलालाला वेगळा भाव सांगायचे आणि गप्प बसायचे. जो भाव फिरून कानावर यायचा, तो कोणाच्या तोंडून निघाला ते आपोआप कळायचं.

बादल आला. "बादलभाऊ, उद्या दूध नको. सोनगीरला जाते आहे. पितळी पातेलं बदलून आणायचंय."

"ह्या उन्हात, अक्का? मी आणून देऊ का?"

"नको, जाते मीच."

जायचं कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार लावून घेतलं आणि डबीला सांगितलं, "कोठी चालू करो." कोठीच्या खोलीला खिडकी नाही. तिथला दिवा लागलेला गल्लीतल्या कोणाला दिसायचा नाही, बादलला नाही, उषाला तर नाहीच. मग पुढच्या खोलीत येऊन बसल्या. फोन मांडीवर. मी त्यांच्याकडे बघतोय, त्या कपाटाकडे बघतायत, आणि डबी काही न बोलता दोघांकडे.

ऊन कलायच्या आत फोन वाजला.

"आई, कोठीच्या खोलीत काय करत होतीस एवढा वेळ? स्टुलावर तर नाही ना चढलीस?"

"नाही चढले," प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "सोनगीरला गेले होते मी."

"सोनगीरला? कधी? अगं, दिवा तर..." आणि अमृत मध्येच थांबला.

"बोल की. दिवा काय?"

मग म्हणाला, "आई, फोनवर दिसतं मला. कुठला दिवा कधी लागला, कधी विझला. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. काळजी वाटते गं."

"काळजी वाटते तर आईला विचारावं. दिव्याला काय विचारतोस?"

फोन ठेवून त्या कितीतरी वेळ समोरच्या बंद खिडकीकडे बघत होत्या. चुगली करणारा सापडला होता. पण चुगलखोर म्हणून जिला घराबाहेर काढलं, तिच्या दारात जायला पाय उचलत नव्हता. व्यापाऱ्याची बायको! हिशेब चुकला तर सुधारून देईल, पण ‘चुकलं माझं’ हे शब्द तोंडातून काढताना तिचा जीव जातो. त्या संध्याकाळी त्यांनी निमूटपणे ज्वारी भिजत घातली.

ज्वारी आंबून वाटून झाल्यावरची ती पहाट. घाट्याचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला. प्रमिलाबाई आल्या. डबीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यावरच्या चिकटपट्टीचा कोपरा नखाने उचलला आणि ती सर्रकन ओढून काढली. कागदासकट. माझ्या अंगाची साल निघाल्यासारखं झालं, पण अहो, त्या पेराचा स्पर्श! पीठ लागलेला!

टक-टक. टक-टक. टक-टक.

तीनदा. दिवाळीत अमृतने दाबलं होतं अगदी तसंच. आणि बल्बाला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. मागचं सगळं विसरला आणि भराभर लुकलुकायला लागला. पुणे विसरला, फोन विसरला, आणि आमच्या गल्लीत पहाटेच्या अंधारात ओट्यावर अशी काही धांदल उडाली की जणू प्रमिलाबाई एकसारखी हाक मारतायत, आणि थांबतच नाहीत.

"अरे देवा, हा बिघडला वाटतं!" प्रमिलाबाई मला बंद करायला धावल्या, आणि थबकल्या. समोरची खिडकी उघडली होती.

थोड्याच वेळात उषा ओट्यावर. काखेत पाट.

"पुरे कर व अक्का, पुरे कर! उनी ना मी! बठ्ठी गल्ली उठाडशी का आते?"

"मी कुठे? हा बल्बच..."

"तू माले चुगलखोर म्हनेल शे," उषा दारातच उभी राहिली. "ते आधी सांग."

प्रमिलाबाई आत गेल्या. वाटीत गरम घाटा, मधोमध खळगा करून त्यात कच्चं तेल. पहिली वाटी नेहमी नानांची असायची. ती त्यांनी उषाच्या हातात दिली.

"चुगलखोर ती आहे," डबीकडे बोट करून म्हणाल्या. "मी तुझ्यावर घातलं. आता खा, आणि घोटायला लाग. घाटा लागेल बुडाला."

उषाने डबीकडे बघितलं, मग वाटीकडे. "मानूस सोडीसन डबी चुगल्या करस? कसा दिन उनात माय!" आणि पाट टाकून बसली.

पहिलं कापड भरत नाही तोच अमृतचा फोन. आवाज घाबरलेला. "आई! ओट्याचा बल्ब दिसत नाहीये. बरी आहेस ना तू?"

"बरी आहे. बटण दाबलं मी."

"त्याला हात लावू नकोस म्हटलं होतं ना?"

"माझ्या घरातल्या बटणाला हात लावायला तुझी परवानगी कधीपासून लागायला लागली रे, अमृत?"

तो चिडला. घाबरलेला माणूस चिडतोच. "आखाजीची वाट नाही बघत आता. उद्याच निघतो. तुला घेऊनच येतो."

आणि आला की. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला, एकटाच, रिकामी बॅग घेऊन. रिकामी बॅग कशासाठी, ते मला कळलं. ओट्यावर बिबड्यांची कापडं वाळत होती. त्याने ती बघितली, आईच्या गुडघ्यांकडे बघितलं, पाणी प्यायला, आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. एका हातात फोन.

"आधी हा जोडतो. तू इथे आहेस तोवर तरी मला दिसू दे. मग बोलू."

"अमृत, थांब," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तीनदा दाबू नकोस."

"तीनदाच दाबावं लागतं, आई. तसंच असतं ते."

त्याने दाबलं. टक-टक. टक-टक. टक-टक. बाहेर बल्ब लुकलुकू लागला. अमृत फोनमध्ये डोकं घालून उभा. फोनवर एक चक्र फिरत होतं. शोधत आहे, शोधत आहे.

आणि दारातून उषा आत घुसली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. हात कोपरापर्यंत कणकेचे. मागे तिचा मुलगा, मोटरसायकलची किल्ली हातात धरून.

"काय व्हयनं अक्काले?"

प्रमिलाबाई खुर्चीत धडधाकट बसलेल्या. उषाने त्यांना बघितलं, मग बटणावर हात ठेवून उभ्या असलेल्या अमृतला. "तू व्हय रे! मनं काळीज तोंडमा उनं ना!"

"मावशी," अमृत गोंधळला, "तुम्हाला कोणी बोलावलं?"

"तूच तं बलावं! तीनडाव दिवा मिचकाडा ना तू? बिबड्यासनी येळ नही, पहाट नही, मंग मी म्हनं, अक्का पडनी." तिने कणकेचा हात माझ्याकडे केला. "तुना बाप पडना त्या दिन बी हाईच बटन व्हतं. नही तं माले काय सपन पडनं व्हतं?"

अमृत माझ्याकडे बघत राहिला. नानांच्या त्या पहाटेबद्दल त्याला एवढंच माहीत होतं की शेजारचे धावून आले. शेजाऱ्यांना कसं कळलं, ते त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नव्हतं. त्याच्या फोनवरचं चक्र अजून फिरतच होतं. बाहेर बल्ब लुकलुकून लुकलुकून थकला आणि साध्या दिव्यासारखा स्थिर जळायला लागला.

"पुण्याहून यायला मला अख्खा दिवस लागला," तो म्हणाला.

"तिने दुसरी चप्पल घालायलाही वेळ घेतला नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

उषाचा मुलगा हसला. मग अमृतही. उषा मात्र हसली नाही. "पोळी जळी गयी मनी," म्हणाली आणि निघाली. जाताना दारातून ओरडली, "अमृत, सकाळले ये घाटा खावाले. आनि बटनशी खेळू नको!"

अमृतने तो बल्ब पुन्हा जोडला नाही. रिकामी बॅग जाताना बिबड्यांनी भरून गेली. आखाजीला हेमांगीही आली, पण सामान बांधायला नव्हे. आखाजीला आमच्याकडे बायका झोके खेळतात; तो झोका बांधला होता उषाच्या अंगणात, त्यासाठी. आता अमृत रोज सकाळी फोन करतो आणि विचारतो, "आई, कशी आहेस?" त्यात ‘म्हणे’ नसतं. ज्या दिवशी तिने फोन उचलला नाही, त्या दिवशी उषाला लावतो. उषा त्याला काय सांगते, ते प्रमिलाबाईंसमोर, मोठ्याने सांगते.

उरलेले तीन बल्ब आहेत अजून. त्यांचंही पुणं तोडलं म्हणतात. डबी कपाटावर, तिची वायर गुंडाळून रबर लावून ठेवलेली, असंही म्हणतात. म्हणतात, म्हणून मी हळू बोलतो.

माझ्या अंगावर चिकटपट्टीचा गोंद अजून आहे. प्रमिलाबाईंनी खोबरेल तेल लावून खरवडला, पण कडेला राहिलाच. त्याच्यावर ज्वारीचं पीठ बसून एक पांढरी रेघ झाली आहे. स्प्रिंगही थोडी सैल झाली आहे आता. पण आवाज जाताना एक येतो, येताना एक. नानांनी ऐकला होता तसाच. संध्याकाळी पेर टेकतं, ओटा उजळतो, हात जोडले जातात.

एक दिवस ती स्प्रिंग तुटेल आणि तुम्हीही मला बदलाल. खुशाल बदला, व्यापारात जुना माल जातोच. बोलणारे दिवे आणा, गाणारे आणा. फक्त आणताना हात तळापर्यंत घाला, आणि ज्याची काळजी वाटते त्याच्याशी आधी बोला. येतो मी. पण जाता जाता एक विनंती: आमच्या घरी आलात, तर सहज चाळा म्हणून माझ्यावर तीनदा बोट चालवू नका. समोर उषा नुकतीच जेवायला बसलेली असेल.